आकाशातल्या दगडाचा पत्ता

जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या शिवारात फिरताना पायाशी आलेला एखादा दगड उचलून पाहावा. बहुतेक वेळा तो काळा किंवा करडा, कठीण आणि जड निघतो. हा आपला दख्खनचा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्हाचे थर थंड होऊन तो बनला. अशा काळ्या दगडांच्या प्रदेशात एखादा विद्यार्थी काळा दगड घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, हा आकाशातून पडला आहे." अशा वेळी विज्ञान-शिक्षकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हा दगड खरोखर वरून आला आहे का? आणि आला असेल, तर नेमका कोठून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी शाळेतही मिळू शकते. दुसऱ्या प्रश्नाचे मोघम उत्तर, म्हणजे 'मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून', आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण त्या पट्ट्यात लाखो लघुग्रह आहेत. त्यांतला कोणता? हा पत्ता बऱ्याच नेमकेपणाने सांगता येऊ लागला तो अगदी अलीकडे, २०२४ मध्ये. हे कसे शक्य झाले ते या लेखात पाहू.

दगड हातात घेऊन

आकाशातून येऊन जमिनीवर पोचलेल्या दगडाला आपण अशनी म्हणतो. वातावरणातून येताना त्याचा पृष्ठभाग क्षणभर वितळतो आणि त्यावर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ अशी काळी साय धरते. आतला दगड मात्र बहुधा फिकट करडा असतो. म्हणून टवका उडालेल्या जागी बाहेर काळा व आत फिकट असा फरक दिसतो का, हे प्रथम पाहावे. आपल्या बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोके पुष्कळदा असतात आणि त्यांत जिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. अशी भोके किंवा असे स्फटिक दिसले, तर दगड इथलाच समजावा.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. बहुतेक अशनींत लोह व निकेल यांच्या मिश्रधातूचे कण असतात, त्यामुळे ते चुंबकाकडे ओढले जातात. पण आपल्या भागात येथे सावध राहायला हवे. बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. दोऱ्याने टांगलेले प्रभावी चुंबक बेसॉल्टकडेही थोडे सरकते. म्हणून केवळ चुंबकावरून निर्णय देऊ नये.

तिसरी परीक्षा घनतेची. बेसॉल्टची घनता साधारणपणे दर घनसेंटिमीटरला २.८ ते ३.० ग्रॅम असते, तर दगडी अशनींची ३.३ च्या पुढे. बेसॉल्टचा तुकडा ताणकाट्याला टांगून आधी हवेत व नंतर पाण्यात बुडवून तोलला की घनता काढता येते. एखादा दगड हवेत ३४० ग्रॅम आणि पाण्यात २४० ग्रॅम भरला, तर त्याने १०० घनसेंटिमीटर पाणी सारले. म्हणून घनता ३.४. मात्र संशयित ताजा अशनी पाण्यात बुडवू नये, कारण त्यातील लोह लगेच गंजू लागते. त्याचे आकारमान राजगिऱ्याने मोजावे. भांडे राजगिऱ्याने काठोकाठ भरून सपाट करावे, मग त्यातच दगड पुरून पुन्हा सपाट करावे. बाहेर उरलेला राजगिरा मोजपात्रात घातला की दगडाचे आकारमान मिळते.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. अशनीच्या कापलेल्या भागावर पुष्कळदा मोहरीएवढे किंवा त्याहून लहान गोल दाणे दिसतात. त्यांना कॉन्ड्र्यूल म्हणतात आणि ज्या अशनींत ते असतात त्यांना कॉन्ड्राइट. हे दाणे म्हणजे सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, अवकाशात तरंगत असताना वितळून थिजलेले थेंब. पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात ते सापडत नाहीत.

काटोल आणि अंदुरा

पडताना पाहिलेल्या दर शंभर अशनींपैकी सुमारे ८० 'सामान्य कॉन्ड्राइट' या एकाच गटातले असतात. लोहाच्या प्रमाणावरून त्यांच्या तीन जाती केल्या आहेत : जास्त लोह असलेली 'एच', कमी लोह असलेली 'एल' आणि त्याहूनही कमी लोह व धातू असलेली 'एलएल'. पहिल्या दोन जातींची उदाहरणे शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. अकोला जिल्ह्यातील अंदुरा येथे १९३९ साली पडलेला अशनी 'एच' जातीचा आहे. नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ २२ मे २०१२ रोजी भर दुपारी मोठा आवाज होऊन दगडांचा सडा पडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याचे सुमारे ३० तुकडे गोळा केले. त्यांतला सर्वांत मोठा साधारण एक किलोचा होता. हे दगड 'एल' जातीचे ठरले.

काटोलच्या दगडात आणखी एक गोष्ट सापडली. त्यात वितळून थिजलेल्या बारीक काळ्या शिरा आहेत, आणि त्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे २०२१ मध्ये आयआयटी खरगपूर व इतर संस्थांतील संशोधकांनी दाखवून दिले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरहून अधिक खोलीवर विपुल आहे, पण तेथून ते जसेच्या तसे वर येऊ शकत नाही. ते बनण्यास आपल्या वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब लागतो. असा दाब काटोलच्या दगडावर कोठे पडला असेल? जमिनीवर आपटताना नव्हे. तो आघात फारच किरकोळ. हा दाब अवकाशातल्याच एका प्रचंड टकरीचा असला पाहिजे. ही टक्कर पुढे आपल्याला पत्ता शोधण्यास उपयोगी पडेल.

ठिपक्यातून दगड कसा ओळखावा?

आता हातातला दगड बाजूला ठेवून दुर्बिणीकडे वळू. पट्ट्यातील मासालिया नावाचा लघुग्रह घेऊ. त्याचा व्यास सुमारे १४० किलोमीटर आहे. जालना ते अकोला हे सरळ रेषेतले अंतर जवळपास एवढेच. तरीही पृथ्वीवरून तो दिसतो केवळ एका ठिपक्यासारखा. तो आपल्याला सर्वांत जवळ असतानाही त्याची तबकडी पंचवीसएक किलोमीटर दूर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढी भासेल. मग हा ठिपका दगडाचा आहे हे कशावरून म्हणायचे?

लघुग्रहाला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. परावर्तन होताना पृष्ठभागावरची खनिजे काही विशिष्ट तरंगलांबींचा प्रकाश शोषून घेतात. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही खनिजे एक मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतात. पायरॉक्सिन शिवाय दोन मायक्रोमीटरजवळही. वर्णपटात त्या ठिकाणी खळगे दिसले की ही खनिजे तेथे आहेत असे समजते. ज्यांच्या वर्णपटात असे खळगे आहेत आणि जे बऱ्यापैकी उजळ आहेत, त्या लघुग्रहांना 'एस' प्रकारचे, म्हणजे दगडी लघुग्रह म्हणतात. पट्ट्याच्या सूर्याकडील भागात त्यांचीच संख्या मोठी आहे. योगायोग असा की हीच खनिजे आपल्या बेसॉल्टमध्येही असतात.

न जुळणारा हिशेब

येथवर सारे सरळ वाटते. दगडी अशनी हे दगडी लघुग्रहांचे तुकडे, असे म्हणून आपण मोकळे होऊ. पण पुष्कळ वर्षे हा हिशेब जुळत नव्हता. प्रयोगशाळेत सामान्य कॉन्ड्राइटचा वर्णपट घेतला की तो दगडी लघुग्रहांच्या वर्णपटाशी मिळत नसे. लघुग्रह अधिक लालसर असत आणि त्यांचे खळगे उथळ असत. सर्वांत जास्त संख्येने पडणाऱ्या दगडांना आकाशात घरच सापडत नाही, अशी ही अडचण होती.

एक शक्यता अशी मांडली गेली की अवकाशात उघडा पडलेला पृष्ठभाग कालांतराने काळवंडत असावा. सूर्याकडून येणारे कण आणि सूक्ष्म उल्का यांच्या माऱ्याने खनिजांतील लोहाचे अतिसूक्ष्म कण वेगळे होऊन वर पुट धरतात. उन्हापावसात ठेवलेल्या वस्तूचा वरचा रंग बदलावा, पण खरवडले की आतला मूळ रंग दिसावा, तसाच हा प्रकार. गॅलिलिओ यान १९९१ मध्ये गॅस्प्रा आणि १९९३ मध्ये इडा या पट्ट्यातील दगडी लघुग्रहांजवळून गेले, तेव्हा नव्या विवरांच्या भोवतालचा भाग जुन्या पृष्ठभागापेक्षा वेगळ्या रंगाचा आढळला.

निर्णायक पुरावा हवा तर तेथला दगडच आणायला हवा होता. ते काम जपानच्या हायाबुसा यानाने केले. २००५ मध्ये ते इतोकावा या अर्धा किलोमीटर लांबीच्या, पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्या दगडी लघुग्रहावर उतरले आणि त्याची कुपी १३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियात उतरली. कुपीत मिळालेले दीड हजारांहून अधिक कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होते, पण तेवढे पुरेसे ठरले. खनिजांची घडण 'एलएल' कॉन्ड्राइटची होती, आणि कणांच्या पृष्ठभागावर लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचे पुटही होते. दगडी अशनी आणि दगडी लघुग्रह यांचे नाते अशा रीतीने पक्के झाले.

पट्ट्यातून पृथ्वीकडे

यानंतरचा प्रश्न वाटेचा. पट्ट्यातले लघुग्रह आपापल्या कक्षांत फिरत असतात. त्यांतला दगड वाट सोडून पृथ्वीकडे का यावा?

१८६६ मध्ये डॅनियल कर्कवुड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने पट्ट्यात काही रिकाम्या जागा असल्याचे दाखवून दिले. त्यांतली एक सूर्यापासून २.५ खगोलीय एकक अंतरावर आहे. केप्लरचा तिसरा नियम वापरून तेथील भ्रमणकाळ काढू. २.५ चा घन १५.६, त्याचे वर्गमूळ सुमारे ३.९५ वर्षे. गुरूचा भ्रमणकाळ ११.८६ वर्षे, म्हणजे याच्या नेमका तिप्पट. झोक्याला दर खेपेस ठरावीक क्षणी धक्का दिला की झोका वाढत जातो. तसेच येथे गुरूचे ओढणे पुनःपुन्हा त्याच ठिकाणी होते. याला अनुस्पंदन म्हणतात. अशा कक्षेतील दगडाची कक्षा हळूहळू लांबट होत जाते आणि शेवटी पृथ्वीच्या कक्षेला छेदू लागते. जॅक विस्डम यांनी १९८० च्या दशकात संगणकावर गणिते करून हे दाखवून दिले. पट्ट्याच्या आतल्या काठाशी शनीच्या प्रभावाने बनलेले असेच दुसरे 'दार' आहे.

पण टकरीतून उडालेला दगड या दारापर्यंत पोचतो कसा? त्याला तेथे हळूहळू नेते ती सूर्याची उष्णता. मे महिन्यात जालन्यातील घराची पश्चिमेकडची भिंत सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम वाफ सोडत राहते, हे आपल्या परिचयाचे आहे. स्वतःभोवती फिरणारा दगडही 'दुपार' उलटलेल्या बाजूने अधिक उष्णता बाहेर टाकतो. बाहेर पडणाऱ्या या प्रारणाचा अतिशय क्षीण उलटा रेटा दगडाला मिळतो. एका दिवसात त्याने काही होत नाही, पण लक्षावधी वर्षांत दगड सरकत जाऊन दाराशी पोचतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात.

मासालियाचे घराणे

आता मासालियाकडे परत येऊ. १९ सप्टेंबर १८५२ रोजी नेपल्स येथे आनिबाले दे गास्पारिस यांना तो दिसला. दुसऱ्याच दिवशी मार्सेय येथे शाकोर्नाक यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. मार्सेय शहराचे जुने ग्रीक नाव त्याला देण्यात आले. अनुक्रमाने तो विसावा लघुग्रह. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर २.४१ खगोलीय एकक आहे. त्याचा भ्रमणकाळ विद्यार्थ्यांना काढायला सांगावा, उत्तर ३.७४ वर्षे आले पाहिजे. वर सांगितलेल्या दोन दारांच्या दरम्यान त्याची कक्षा पडते, हे ध्यानात ठेवावे.

मासालियाच्या आसपास त्याच्यासारख्याच कक्षांत फिरणारे पुष्कळ लहान लघुग्रह आहेत. टकरीत उडालेल्या अशा तुकड्यांच्या समूहाला घराणे म्हणतात. निसटलेल्या तुकड्यांच्या कक्षांचे गणित मागे नेले की टक्कर केव्हा झाली ते काढता येते. मार्सेट, ब्रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार आज पडणाऱ्या 'एल' जातीच्या अशनींचे मूळ मासालियाच्या घराण्यात आहे. 'एच' जातीचे मूळ कारिन आणि कोरोनिस या घराण्यांतल्या, अनुक्रमे सुमारे ५८ लाख आणि ७५ लाख वर्षांपूर्वीच्या, टकरींत आहे. आपल्याला माहीत असलेल्या सुमारे ७० टक्के अशनींचा उगम या तीन तरुण घराण्यांत आहे, असा हा निष्कर्ष आहे.

हे केवळ वर्णपटांच्या साम्यावरून ठरवलेले नाही. दगड मोठ्या लघुग्रहाच्या पोटात असतो तोवर त्याला विश्वकिरणांपासून संरक्षण असते. तुकडा होऊन तो उघडा पडला की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यात निऑन व हेलियम यांची विशिष्ट समस्थानिके साठू लागतात. त्यांचे प्रमाण मोजले की दगड किती काळ एकटा भटकत होता ते कळते. अनेक 'एल' अशनींचे हे वय ४ कोटी वर्षांच्या आसपास येते, आणि मासालियावरची अलीकडची मोठी टक्करही सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीची आहे. अनेक 'एच' अशनींचे वय ६० ते ८० लाख वर्षे येते. तेही कोरोनिस व कारिनच्या काळाशी जुळते. एक घड्याळ आकाशातल्या कक्षांचे, दुसरे दगडातल्या वायूंचे. दोन्ही स्वतंत्र घड्याळे एकच वेळ दाखवतात, म्हणून या निष्कर्षावर विश्वास बसतो.

मासालियावर याआधीही एक भीषण टक्कर झाली होती, सुमारे ४५ ते ४७ कोटी वर्षांपूर्वी. त्या काळी समुद्रतळाशी साचलेल्या स्वीडनमधील चुनखडीत 'एल' जातीचे अश्मीभूत अशनी मोठ्या संख्येने सापडले आहेत. अनेक 'एल' अशनींवर त्याच काळातील प्रचंड आघाताच्या खुणा आढळतात. काटोलच्या दगडातील काळ्या शिरा या जातीच्या अशनींचा असा आघातपूर्ण इतिहासच सांगतात. म्हणजे काटोलचा दगड 'एल' जातीचा म्हणून मासालियाच्या घराण्यातला, आणि अंदुऱ्याचा 'एच' जातीचा म्हणून कोरोनिस किंवा कारिनकडचा असण्याचा संभव सर्वांत अधिक, असे आज म्हणता येते. ज्या इडाजवळून गॅलिलिओ यान गेले, तो इडाही कोरोनिस घराण्यातलाच आहे.

लोणार : दगड गेला, खूण राहिली

जालन्याहून पूर्वेला, सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांच्या सहली तेथे जातात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये कोरले गेले. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी, आघाताशिवाय न बनणाऱ्या मॅस्केलिनाइट या काचेसारख्या पदार्थाच्या आधारे, हे सिद्ध केले. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने काढलेले त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे.

'मग तो पडलेला दगड कोठे आहे?' हा प्रश्न मुले हमखास विचारतात. तो उरलेला नाही. आघाताच्या उष्णतेने बहुतांशी वितळून व वाफ होऊन गेला. पण विवराच्या परिसरात काचेचे बारीक मणी सापडतात. त्यांत निकेल, कोबाल्ट व क्रोमियम यांचे प्रमाण बेसॉल्टपेक्षा जास्त आहे. या वाढीच्या स्वरूपावरून तो पाहुणा कॉन्ड्राइट जातीचा असावा असा निष्कर्ष निघतो. म्हणजे लोणारचे विवरही दगडी जातीच्याच पाहुण्याने कोरले असावे.

त्या आघाताचा अंदाज वर्गातही करता येईल. लोणारच्या आकाराचे विवर पाडण्यास साधारण १०० मीटर व्यासाचा दगड लागेल असे धरू. घनता दर घनमीटरला ३००० किलो धरली तर त्याचे वस्तुमान सुमारे १५ लाख टन येते. वेग सेकंदाला १८ किलोमीटर धरून गतिज ऊर्जा काढली, तर ती हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे ४००० पट भरते. असे दगड आजही आपल्या आसपास फिरत आहेत, म्हणून त्यांच्या घडणीचा अभ्यास केवळ कुतूहलापुरता नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या सुमारे १५० मीटरच्या दगडी लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली आणि त्याचा भ्रमणकाळ अर्ध्या तासाहून अधिक कमी केला. वाट बदलता येते हे त्याने दाखवले. पण ती किती बदलेल, हे दगड सलग आहे की खडीचा ढीग, यावर अवलंबून असते.

शिक्षकांनी काय करावे

अशनी कधी व कोणाच्या शेतात पडेल हे सांगता येत नाही. काटोल हे काही वेधशाळेचे गाव नव्हते. उद्या मंठा, परतूर किंवा भोकरदन तालुक्यात असा दगड पडला, तर तो सर्वप्रथम पाहणारी विज्ञान जाणणारी व्यक्ती बहुधा गावातली शिक्षिका किंवा शिक्षक असेल. पुढल्या दोन-तीन दिवसांत काय घडते यावर त्या दगडाची सारी माहिती टिकणे अवलंबून असते.

दगड जेथे पडला तेथेच असताना शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे. तारीख, वेळ, आवाज व प्रकाश कोणत्या दिशेने आला हे पाहणाऱ्या प्रत्येकाकडून वेगवेगळे लिहून घ्यावे. या नोंदींवरून आकाशातला मार्ग काढण्यास मदत होते. दगडाला शक्यतो उघड्या हाताने स्पर्श करू नये. तो कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवावा. धुऊ नये, तेल किंवा शेंदूर लावू नये, आणि आत काय आहे ते पाहण्यासाठी हातोडा मुळीच चालवू नये. गावकऱ्यांनी वाटून घेतलेले तुकडेही नोंदवून ठेवावेत. त्यानंतर तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. आपल्या देशात अशनींचे जतन करण्याची जबाबदारी त्या संस्थेकडे आहे.

आणि विद्यार्थ्याने आणलेला दगड शेवटी बेसॉल्टच निघाला तर? तसाच तो बहुधा निघेल. तरीही त्याला हसून परत पाठवू नये. चुंबक, राजगिरा आणि भिंग घेऊन तो बेसॉल्टच का, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. काटोलच्या दगडाला मासालियापर्यंत नेणारी तपासणी याच रीतीने, एकेक शक्यता तपासत व गाळत, पुढे गेली आहे.